एकाचे लिहिणे, अनेकांचे वाचणे

मराठी पत्राचा जुना मायना, म्हणजे आरंभीचे संबोधन आणि नमस्काराचे शब्द, वाचणाऱ्याच्या नात्यावर व मानावर बेतलेला असे. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ आणि मजकुराआधी ‘कृ. सा. न. वि. वि.’, अर्थात कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ही सारी रचना ओळखीच्या एका वाचकासाठी होती. ई-मेलवरील चर्चागटात, जेथे सामाईक पत्त्यावर पाठवलेले पत्र प्रत्येक सभासदाच्या पेटीत जाऊन पडते, हा आधारच नाहीसा होतो, कारण वाचणारे शेकडो आणि बहुतांशी अनोळखी असतात. अशा ठिकाणी आदर व्यक्त होतो तो मुख्यतः वाचणाऱ्याचा वेळ जपण्यातून. ५०० सभासदांच्या गटात प्रत्येकाची २ मिनिटे घेणारे एक निरर्थक पत्र एकूण १६ तासांहून अधिक वेळ खाते, आणि लिहिणाऱ्याला मात्र आपले अर्धे मिनिटच गेल्यासारखे वाटते.

या शिष्टाचाराचा सर्वपरिचित लेखी मसुदा ‘आरएफसी १८५५’ या नावाने ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटरनेटच्या व्यवहारांविषयीच्या क्रमांकित टिपणांना आरएफसी म्हणतात. त्यांपैकी हे टिपण इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या एका कार्यगटातून आले आणि ते इंटेल कंपनीतील सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली होती, त्यामुळे टेलिफोनच्या तारेवरून जोडणी मिळवणाऱ्या येथील पहिल्या ग्राहकांनाही त्यातील काटकसर सहज पटण्यासारखी होती. ई-मेल पोचवण्याचा खर्च पाठवणारा आणि घेणारा असे दोघेही सोसतात, हे टिपणात स्पष्ट म्हटले आहे. एका ओळीत ६५ पेक्षा कमी अक्षरे असावीत, सहीखालचा मजकूर ४ ओळींपलीकडे जाऊ नये, १०० ओळींहून मोठे पत्र लांबलचक समजावे, अशा सूचना त्या काळच्या पडद्यांशी व जोडण्यांशी निगडित असल्याने त्यांतील आकडे आज जुने झाले आहेत. वाचणाऱ्याला भार कमी द्यावा हे त्यांमागचे कारण मात्र जुने झालेले नाही.

त्याच कारणाने उत्तरात मूळ पत्राचा किती भाग ठेवावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासला तरी महत्त्वाचा ठरतो. संपूर्ण पत्र खाली तसेच लोंबत ठेवून वर ‘सहमत’ एवढेच लिहिले, तर काही दिवसांत एकाच मजकुराच्या दहा प्रती फिरू लागतात आणि नवे काय ते शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर येऊन पडते. उलट सगळेच पुसून टाकले, तर ‘होय, तसेच करावे’ या वाक्यातील ‘तसेच’ कशाविषयी, हे मधल्या ४० पत्रांनंतर कोणालाच कळत नाही. ज्या दोन-तीन ओळींना उत्तर द्यायचे तेवढ्याच ठेवून प्रत्येकीखाली आपले म्हणणे मांडणे ही जुन्या गटांची रीत होती, आणि भाष्यकार मूळ सूत्र देऊन त्याखाली विवरण करतो त्या आपल्या परिचित पद्धतीशी तिचे जवळचे साम्य आहे. विषयाच्या ओळीचेही असेच असते. चर्चा पाणीपट्टीवरून ग्रंथालयाकडे वळली असतानाही विषय जुनाच राहिला, तर ग्रंथालयाविषयीचे पत्र नंतर शोधूनही सापडत नाही.

सर्वांना उत्तर धाडण्याच्या सोयीतून केवढा गोंधळ होऊ शकतो, हे नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने अनुभवले. चाचणीसाठी पाठवलेला एक मेल चुकून ८ लाखांहून अधिक खात्यांवर गेला. मग ‘माझे नाव यादीतून काढा’ असे अनेकांनी सर्वांनाच कळवले आणि त्या उत्तरांच्या पुराने ई-मेल यंत्रणा मंदावली. पहिली चूक एकाची होती. ती वाढवणाऱ्यांपैकी प्रत्येकाला आपण योग्य तेच करत आहोत असे वाटत होते, आणि म्हणूनच व्यवस्थापकाला स्वतंत्र पत्र लिहिण्याची सवय हा केवळ सभ्यपणाचा उपचार मानता येत नाही.

रागाच्या भरातील उत्तर रात्रभर थांबून पाठवावे, हा त्या टिपणातील सल्ला तर आजही जसाच्या तसा लागू पडतो, कारण अनेकांदेखत लागलेला शब्द खाजगी पत्रातील शब्दापेक्षा खोल जातो. इंग्रजीत सगळी अक्षरे मोठी लिहिणे म्हणजे ओरडणे समजले जाते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठीत हा आवाज उद्गारचिन्हांच्या रांगांतून आणि ‘अहो’चे अचानक ‘अरे’ होण्यातून ऐकू येतो, आणि तो अधिक बोचतो, कारण आदरार्थी रूप काढून घेतल्याचे मराठी वाचकाला तत्क्षणी जाणवते.

याच टिपणातील दोन सूचना फारशा पाळल्या जात नाहीत, याची खंत वाटावी इतक्या त्या चांगल्या आहेत. एक अशी की, नव्या सभासदाने काही लिहिण्यापूर्वी महिना-दोन महिने नुसते वाचावे. गटाची भाषा, झालेले वाद आणि आधीच मिळालेली उत्तरे त्यातून समजतात. दुसरी अशी की, ज्याने प्रश्न विचारला त्याने आलेल्या उत्तरांचा सारांश, नुसती जंत्री नव्हे, पुन्हा सर्वांसमोर ठेवावा. एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला सात जणांनी खाजगीत कळवलेले सातही अर्थ त्याच्याच पेटीत राहिले, तर पुढच्या वर्षी तोच शब्द अडलेल्या माणसाला त्या सात जणांना पुन्हा तीच तसदी द्यावी लागते.