मानेतून चढणारी डोकेदुखी

डोकं ठणकायला लागलं की आपला हात बामच्या डबीकडे जातो. पण काही डोकेदुखींचं मूळ कपाळात नसतंच. मान आखडते, कवटीच्या बुडाशी कळ उठते आणि एकाच बाजूने चढत डोळ्यामागे जाऊन बसते. अर्धशिशी समजून लोक वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहतात. या दुखण्याला वेगळं नाव दिलं नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओटार स्योस्टाड यांनी, १९८३ मध्ये. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळच्या नसा आणि कपाळ-चेहऱ्याची नस मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकत्र येतात. म्हणून दुखावते मान आणि ठणकतं कपाळ.

चिनी वैद्यांनी मात्र बोट नेमकं मानेवरच ठेवलं होतं. कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या दोन मोठ्या स्नायूंमध्ये जो खळगा लागतो, तो त्यांचा ‘फंगछी’ बिंदू. इथे सुई नाकाच्या शेंड्याच्या रोखाने आणि बेताचीच खोल घालतात. वर रोखून खोल घातली तर थेट मेंदूच्या देठाला धोका. सुई लागू पडली की तिथे जडपणा, आंबल्यासारखी संवेदना येते. करंगळीच्या बाजूला तळहाताच्या कडेवर ‘होउशी’ नावाचा बिंदू आहे. तिथे सुई ठेवून रुग्णाला मान हळूहळू फिरवायला सांगतात.

चिनी मालिश म्हणजे ‘तुईना’. शांघायच्या दिंग जिफू यांनी १९४०च्या दशकात रुळवलेल्या पद्धतीत हाताची करंगळीकडची पाठ मानेखांद्यावर लयीत लाटली जाते. चोळण्यापेक्षा हे फार सौम्य असतं आणि ताठरलेला स्नायू त्याने सैलावतो.

सुयांची ही विद्या भारतात आली ती अशी: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातच डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसूंनी पुढे चीनमध्ये ही सुईविद्या शिकून ती कोलकात्यात आणली. महाराष्ट्रात तर आज अ‍ॅक्युपंक्चरसाठी, म्हणजे याच सुईविद्येसाठी, स्वतंत्र कायदा आहे.

गुण किती येतो? अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी यांत सुयांचा उपयोग होतो, असं वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६च्या आढाव्यांत दिसलं. मानेच्या डोकेदुखीवरचे सुयांचे अभ्यास त्यामानाने लहान आहेत. उलट ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानेच्या सांध्यांवरचे हस्तोपचार आणि मानेचे हलके व्यायाम, दोन्ही कामी आले आणि गुण वर्षभर टिकला. माझं मत त्यामुळे स्पष्ट आहे: सुई आणि तुईनाने कळ उतरवावी, पण मान बळकट करायला व्यायामच हवा. नुसत्या सुयांच्या बैठका घेत राहण्यात अर्थ नाही.

आणि एक कळकळीची विनंती. मानेला झटका देऊन ‘कट्’ वाजवणाऱ्याच्या हाती मान देऊ नका. तशाने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याच्या घटना वैद्यकात नोंदल्या आहेत. डोकं अचानक असह्य दुखलं, सोबत ताप आला, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर सुई नको, मालिश नको. तडक इस्पितळ गाठा.