कापलेल्या जाळ्याचा हिशेब

समुद्री कासवाला कल्ले नसतात. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं की ते गुदमरतं. त्यामुळे जाळं कापायचं की नाही, हे तांडेलाला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र सरकारने यावर तोडगा काढला. कासव, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सुटकेचे फोटो मात्र अर्जाला जोडायचे. (त्या खेपेची मासळी आणि डिझेल गेलं, ते गेलंच.)

संशोधकाच्या नजरेने पाहिलं तर असा प्रत्येक अर्ज म्हणजे एक निरीक्षण आहे: कोणता प्राणी, कधी, कोणत्या जाळ्यात. संशोधन नौकांच्या फेऱ्या मोजक्या. मच्छीमार मात्र पावसाळी बंदी सोडली तर कायम दर्यावर. पण या नोंदींत मोठं भगदाड आहे. जिवंत सुटलेलं कासव कागदावर येतं, मेलेलं येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी आपल्या जाळ्यात मेला, हे आपणहून कोण सांगेल? शास्त्रज्ञाला गरज नेमकी त्याच आकड्याची असते.

असं आपणहून सांगण्याइतका विश्वास कसा बसतो, ते कोकणातल्या वेळास गावात दिसलं. तिथे २००२मध्ये भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने काम सुरू केलं, तेव्हा कासवाची अंडी सर्रास काढली जात. पुढे गावकरीच कासवमित्र झाले. वाळूतला माग काढत जायचं, तो संपतो तिथे काठी हलकेच टोचून बघायची. वाळू भुसभुशीत लागली की खाली अंडी. जानेवारी २०२२मध्ये वेळासलाच ‘प्रथमा’ या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसला, त्यामागे गावाची वीस वर्षांची राखण होती.

तरीही माहिती पुरवणं वेगळं आणि प्रश्न ठरवणं वेगळं. पापलेटची पिल्लं मारली जातात, हे सातपाटीचे मच्छीमार कधीपासून सांगत होते. २०२३मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवला, पापलेट राज्यमासा झाला. पण मोजपट्टी लागते मासा होडीत आल्यावर, तोवर तो मेलेला असतो. पिल्लं अडकतात त्या डोलीच्या, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याच्या, खोल्याचा (शेवटच्या टोकाचा) आस मोठा केला तर जवळा निसटतो. मग पिल्लं कोणत्या महिन्यात, किती वाव खोलीवर असतात, आणि तेवढे दिवस डोल लावली नाही तर घर कशावर चालवायचं? पहिल्या प्रश्नासाठी जीवशास्त्रज्ञ डोलकराच्या होडीत बसला तरी पुरे. दुसऱ्यासाठी अर्थशास्त्रज्ञालाही सोबत न्यावं लागेल.