बेड्या कुणी घातल्या?

आपल्या सभांतून एक दृष्टान्त हमखास ऐकायला मिळतो. वर्षानुवर्षे बेड्यांत जखडलेल्या माणसाच्या बेड्या काढायच्या, त्याला शर्यतीच्या रेषेवर आणून उभे करायचे आणि म्हणायचे, 'पळ आता, तू आणि बाकीचे सारखेच.' हा न्याय झाला काय? राखीव जागांचे समर्थन करताना मीही हा दृष्टान्त अनेकदा वापरला आहे. एका चौदा एप्रिलला वस्तीतल्या सभेत मी तो रंगवून सांगितला. टाळ्याही पडल्या. वडील पुढेच बसले होते. जन्मभर रेल्वेत गँगमन म्हणून राबलेला माणूस. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "बोललास झ्याक. पर बेड्या घातल्या कुनी, ते काय सांगितलं न्हाईस."

त्या प्रश्नाने मला मूळ भाषणाकडे नेले. हा दृष्टान्त या रूपात गाजला तो अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या भाषणामुळे. ४ जून १९६५ रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ते बोलले. १८६७ साली स्थापन झालेले हे काळ्या लोकांचे नामवंत विद्यापीठ. भाषणाचा मसुदा रिचर्ड गुडविन यांचा. त्यात डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचाही हात होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला होता, मतदान हक्काचे विधेयक मंजुरीच्या वाटेवर होते. कायदे झाले, आता आणखी काय हवे, असा सवाल गोऱ्या समाजात उघडपणे विचारला जात होता. हे भाषण म्हणजे त्या सवालाला दिलेले उत्तर होय.

त्या भाषणाचे सामर्थ्य आधी नीट समजून घेतले पाहिजे. जॉन्सन सांगतात की नुसते स्वातंत्र्य पुरेसे नाही. शतकांचे व्रण 'जा, तू मोकळा आहेस' या एका वाक्याने पुसले जात नाहीत. संधीचे दार उघडणे वेगळे आणि त्या दारातून आत जाण्याचे बळ असणे वेगळे. समता कागदावरचा हक्क म्हणून नको, ती प्रत्यक्षात आणि परिणामात दिसली पाहिजे. एका राष्ट्राध्यक्षाने समतेची व्याख्याच येथे पुढे सरकवली.

दृष्टान्तही मोठ्या हुशारीने निवडलेला आहे. शर्यत, स्पर्धा, खिलाडू न्याय ही गोऱ्या अमेरिकेची लाडकी दैवते. ज्याने त्याने आपल्या कर्तृत्वाने पुढे यावे, असे ती सांगत आली. जॉन्सन दयेची याचना करीत नाहीत. विरोधकाचीच मोजपट्टी घेऊन ते त्याच्या न्यायबुद्धीचे माप काढतात. शिवाय ते दृष्टान्तावर थांबत नाहीत, आकडे मांडतात. १९४८ मध्ये काळ्या किशोरांतील बेकारी ८ टक्के, म्हणजे गोऱ्यांहून कमीच होती. १९६४ पर्यंत ती २३ टक्क्यांवर गेली. गोऱ्यांची १३ टक्के होती. काळ्या कुटुंबाचे मध्यम उत्पन्न १९५२ मध्ये गोऱ्या कुटुंबाच्या ५७ टक्के होते. १९६३ मध्ये ते ५३ टक्क्यांवर घसरले. दृष्टान्ताने हललेले मन पुन्हा निवांत होऊ नये, ही सोय आकड्यांनी केली आहे.

आता वडिलांचा प्रश्न. जॉन्सन यांच्या वाक्याचे व्याकरण पाहावे. माणूस बेड्यांनी जखडला गेला, असे ते म्हणतात. कुणाकडून, हे वाक्यात नाही. पण बेड्या सोडणारा आहे, हात धरून रेषेवर आणणारा आहे, 'पळ' म्हणणारा आहे. बांधताना कर्ता गायब आणि सोडवताना कर्ता हजर! जॉन्सन ज्याला 'तुम्ही' म्हणून संबोधतात तो हा सोडवणारा. समोर झगे घालून बसले होते काळे पदवीधर. पण दृष्टान्तात त्यांना 'तुम्ही' म्हटलेलेच नाही. 'तुम्ही' म्हणजे गोरी अमेरिका, आणि समोर बसलेले ते 'तो'. त्यांच्याच समारंभात त्यांच्याविषयी दुसऱ्याशी बोलणे चालले होते.

आणि हा 'तो' स्वतः काहीच करीत नाही. त्याला सोडवतात, त्याला आणतात. वास्तव काय होते? माँटगोमेरीच्या काळ्या जनतेने १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. १९६० मध्ये ग्रीन्सबरोचे विद्यार्थी खानावळीच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर जाऊन बसले. भाषणाच्या अवघे तीन महिने आधी, ७ मार्च १९६५ रोजी, सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांनी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. जॉन्सन भाषणाच्या आरंभी या लढ्याचा गौरव करतात, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण लगेच, जाग आल्यावर न्यायालये, काँग्रेस आणि अध्यक्ष साथीला आले, हे अमेरिकेला भूषणावह आहे, असेही म्हणतात. दृष्टान्तापर्यंत येता येता लढणारा माणूस नाहीसा होतो, उरतो तो सुटका झालेला माणूस.

मार्टिन ल्यूथर किंग यांनीही १९६४ च्या आपल्या पुस्तकात शर्यतीचेच चित्र उभे केले होते. त्यात एक धावणारा दुसऱ्यानंतर तीनशे वर्षांनी निघतो. येथे पुढे गेलेला दिसतो, त्याने घेतलेली आघाडी दिसते. जॉन्सन यांच्या चित्रात बाकी सारे त्याच रेषेवर उभे आहेत. आघाडी पुसली गेली, राहिली फक्त मागच्याची दुर्बळता.

भाषणाच्या उत्तरार्धात याचा परिणाम दिसतो. काळ्या कुटुंबाच्या मोडतोडीवर जॉन्सन विशेष भर देतात. याची जबाबदारी गोऱ्या अमेरिकेने घेतली पाहिजे, असे ते स्पष्ट म्हणतात. म्हणजे कर्त्याचे नाव अखेर उच्चारले गेले. पण तोवर ऐकणाऱ्याचे डोळे काळ्यांच्या घराकडे वळले होते. मॉयनिहन यांचा कुटुंबविषयक अहवाल त्याच वर्षी बाहेर आला आणि वाद पेटला. बळी पडलेल्यालाच दोषी धरण्याच्या या वृत्तीवर विल्यम रायन यांनी १९७१ मध्ये पुस्तकच लिहिले.

भाषणातून काहीच निघाले नाही, असे मात्र नव्हे. सप्टेंबर १९६५ मध्ये जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढून सरकारी कंत्राटदारांना नोकरभरतीत सकारात्मक कृतीचे बंधन घातले. हजारोंना त्याने दारे उघडली. पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशातील वंशाचा विचार बेकायदा ठरवला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो आदेशच रद्द झाला. यामागे राजकारण होते, हे उघड आहे. परंतु 'बेड्या कधीच गळून पडल्या, शर्यत केव्हाच सुरू झाली' असे म्हणायला त्या दृष्टान्तातच जागा होती. बांधणाराच चित्रात नसेल, तर तो अजून बांधतो आहे काय, हे कोण विचारणार?

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही, कारण दोन्ही लढ्यांचे नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव काळ्यांच्या पँथरवरून घेतले. आपल्या राज्यघटनेतील कलम १६(४) तर जॉन्सन यांच्या भाषणाआधी पंधरा वर्षे अमलात आले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातील विसंगतीचा इशारा दिला. विषमता येते कोठून, तर आपल्या समाजरचनेतून, हे त्यांनी तेथे सांगून टाकले. कारण लपवले नाही. आणि ही विसंगती लवकर दूर झाली नाही, तर विषमतेने पोळलेले लोकच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असे बजावले. त्यांच्या मांडणीत शोषित हा कुणी हात धरून आणण्याची वस्तू नाही. तो इतिहासाचा कर्ता आहे.

वडील आज नाहीत. तो दृष्टान्त मी अजूनही सांगतो, पण वाक्य बदलून. 'ज्यांनी बेड्या घातल्या ते केव्हाच धावत सुटले होते. आमच्या माणसांनी त्या बेड्या स्वतः तोडल्या. आता मधल्या अंतराचा हिशेब द्या.' याला टाळ्या कमी पडतात. काही जण अस्वस्थ होऊन चुळबुळतात. ती चुळबुळ मला टाळ्यांपेक्षा मोलाची वाटते.