पडद्यावरचा उजेड : जुन्या मॉनिटरचा प्रोजेक्टर

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास काचेवर रंगविलेली चित्रे कंदिलाच्या साहाय्याने मोठ्या पडद्यावर दाखविण्यास सुरुवात केली आणि आपल्या खेळास ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. शांबरी म्हणजे शंबरासुराची ती मायावी विद्या, आणि खरोलिका म्हणजे कंदील. पुढे विनायक व रामचंद्र या त्यांच्या मुलांनीही हा खेळ गावोगाव नेला. एका काचेवर स्थिर देखावा, तिच्यापुढे दुसरी सरकणारी काच, आणि एकाहून अधिक कंदिलांची झोत-बदल करण्याची युक्ती, एवढ्या भांडवलावर ही मंडळी रामायण-महाभारतातली पात्रे पडद्यावर हलवीत असत. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे सिनेमा आपल्याकडे बोटीतून उतरण्यापूर्वीच कल्याणात चित्रे हलू लागली होती, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत फारशी येत नाही याचे मला नवल वाटते.

आज हे आठवण्याचे कारण असे की, टाकून दिलेल्या एलसीडी मॉनिटरपासून घरच्या घरी प्रोजेक्टर तयार करण्याची जी खटपट गेल्या वीसेक वर्षांत ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी केली, तिचा सांगाडा पटवर्धनांच्या कंदिलाचाच आहे. मागे दिवा, त्याचा उजेड गोळा करणारे भिंग, मध्ये चित्र आणि पुढे ते चित्र पडद्यावर नेणारे दुसरे भिंग. फरक पडला तो फक्त मधल्या काचेत. पटवर्धन ती काच कुंचल्याने रंगवीत. आता ती सेकंदाला साठ वेळा आपोआप रंगविली जाते.

ही मधली काच कशी बनली त्याची कथा मोठी मौजेची आहे. १८८८ साली फ्रीडरिख रायनिट्झर नावाच्या एका ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून बनविलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सियसला तो गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांस स्वच्छ. मधला गढूळ पदार्थ द्रवासारखा वाहणारा, पण स्फटिकासारखा शिस्तीचा. पुढे या अवस्थेस द्रवस्फटिक हे नाव मिळाले. मॉनिटरच्या पॅनलमध्ये असाच द्रव दोन काचांत कोंडलेला असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांस ध्रुवक पट्ट्या चिकटविलेल्या असतात. वीज दिली की त्या द्रवातले रेणू वळतात व उजेडास वाट देतात किंवा अडवितात. ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, पॅनल स्वतः उजेड देत नाही. ती एक अत्यंत बारीक झरोक्यांची खिडकी आहे. उजेड मागून येतो. म्हणूनच मागचा दिवा बदलून आपण तिचा कंदील करू शकतो.

पण ही खिडकी मोठी कंजूष आहे, आणि सारा प्रश्न येथेच आहे. दिव्याचे शंभर भाग उजेड मागून सोडला असे समजा. पहिली ध्रुवक पट्टी निम्म्याहून अधिक गिळते. उरतात सुमारे त्रेचाळीस भाग. मग लाल, हिरवी, निळी गाळणी. प्रत्येक झरोका एकच रंग जाऊ देतो म्हणून दोन तृतीयांश उजेड येथे जातो, उरले चौदा. झरोक्यांभोवतीच्या काळ्या चौकटी व सूक्ष्म ट्रान्झिस्टर वाटेत उभे, ते आणखी पाच-सहा भाग खातात. दुसऱ्या पट्टीतून बाहेर पडता पडता हातात पाच-सहा भाग राहतात. शंभरांतले हे पाच-सहा! सरकारी अनुदान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचते तेव्हा त्याचेही असेच काहीसे होत असावे.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. १०० वॅटची एलईडी चकती साधारण १०,००० ल्युमेन उजेड देते. तो चहूकडे पांगतो. त्यांतला तिसरा हिस्सा भिंगाने पकडला तरी पुष्कळ झाले. पॅनलने त्यातले पाच-सहा टक्के सोडले आणि भिंगांनी आपली दलाली घेतली की पडद्यावर दीडशे ल्युमेनच्या आसपास पडतात. सहा फूट रुंद व साडेचार फूट उंच पडदा म्हणजे अडीच चौरस मीटर. अर्थात दर चौरस मीटरला साठ ल्युमेन, म्हणजे साठ लक्स. वाचनाच्या टेबलावर तीनशे लक्स असावेत असे मानतात. तेव्हा हा उजेड त्याच्या पंचमांश. चांगल्या चित्रगृहाच्या पडद्यापेक्षा निम्म्याहून कमी. मिट्ट काळोखात चित्र सुरेख दिसेल. पण खोलीत एक ट्यूबलाइट लावली की नायक-नायिका दोघेही अंतर्धान पावतील. “आमचा प्रोजेक्टर दिवसासुद्धा चालतो” असे कोणी सांगू लागला तर त्यास हा हिशेब करून दाखवावा.

पेटी बांधण्याकडे वळू. जुना पंधरा इंची, चौकोनी तोंडाचा मॉनिटर या कामास उत्तम, कारण त्याचे पॅनल बारा इंच रुंद व नऊ इंच उंच असते आणि हौशी मंडळींची बहुतेक भिंगे या मापाचीच मिळतात. मॉनिटर उघडल्यावर पॅनलच्या मागील पांढरे पसरविणारे कागद, प्लॅस्टिकची जाड पाटी व नळ्या काढून टाकावयाच्या. पॅनलच्या एका कडेस पातळ पट्ट्यांनी जोडलेली विद्युत्फलके असतात व ती मागे दुमडलेली असतात. ती अलगद उलगडून उजेडाच्या वाटेबाहेर आणावी लागतात. या पट्ट्या केसाइतक्या नाजूक. एक तुटली की पडद्यावर कायमची उभी रेघ उमटते आणि तिला उपाय नाही. म्हणून मॉनिटर निवडताना आधी पट्ट्यांची लांबी पाहावी, मग किंमत.

दिव्याच्या पुढे सुमारे २२० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग ठेवावे. दिवा त्याच्या नाभीवर असला की किरण समांतर होतात आणि पॅनलवर सर्वत्र सारखे पडतात. पॅनलच्या पुढे दुसरे भिंग, जे हे समांतर किरण पुन्हा एकवटून मुख्य भिंगात सोडते. बारा इंची काचेचे भरीव भिंग घ्यावयाचे तर ते एका माणसास उचलवणार नाही. येथे ऑगुस्तँ फ्रेनेलची युक्ती उपयोगी पडते. भिंगाचे काम त्याच्या पृष्ठभागाचा उतार करतो, पोटातली काच नुसते ओझे. म्हणून उतार तेवढे ठेवून त्यांच्या एकामागून एक गोल कड्या मांडल्या की झाले. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआंच्या दीपगृहावर असे भिंग प्रथम बसविले गेले, आणि पुढे जगभरच्या किनाऱ्यांवरची दीपगृहे याच तत्त्वावर उजळली. आपण किनाऱ्यावरची माणसे, दीपगृहाचा झोत पाहत वाढलो. त्या झोतामागचे तत्त्व आता वहीच्या पुठ्ठ्याएवढ्या पातळ ॲक्रिलिकच्या पत्र्यावर कोरलेले मिळते. दोन्ही पत्र्यांची खाचांची बाजू पॅनलकडे असावी आणि पॅनल व पत्रा यांत बोटभर तरी अंतर असावे. नाही तर खाचांची वर्तुळे चित्रात उमटतात.

मुख्य भिंगाचे नाभीय अंतर ३२० मिलिमीटर धरू. चित्र सहापट मोठे करावयाचे असल्यास पॅनल व भिंग यांत ३२० ला ७/६ ने गुणून ३७३ मिलिमीटर अंतर लागते, आणि पडदा ३२० च्या सातपट म्हणजे २२४० मिलिमीटरवर, सव्वासात-साडेसात फुटांवर येतो. आठपट हवे तर पॅनलचे अंतर ३६० आणि पडद्याचे २८८०. पाहा, पडदा दोन फुटांहून अधिक मागे गेला, पण भिंग अवघे तेरा मिलिमीटर सरकले. म्हणून भिंग सरकविण्याची सोय अंगठाभर असली तरी पुरते. मात्र ती घट्ट व सरळ असली पाहिजे. शाळेत पाठ केलेले भिंगाचे सूत्र कधी उपयोगी पडेल असे कलाशाखेच्या कोणास वाटले होते!

पॅनल कसे बसवावे याविषयी पुष्कळांचा गोंधळ होतो. भिंग चित्रास खालचे वर आणि डावीचे उजवीकडे करते. तेव्हा पॅनल डोके खाली करून बसवावे हे लगेच समजते; पण एवढ्याने अक्षरे आरशातल्यासारखी उलटी येतात. दिव्यामागे उभे राहून पडद्याकडे तोंड करून पाहा : पॅनलचा दर्शनी चेहरा तुमच्याकडे, म्हणजे दिव्याकडे, आणि डोके खाली, अशी मांडणी असेल तरच पडद्यावरचे मराठी मराठीसारखे वाचता येईल. वाटेत एक आरसा घातला तर चेहरा पुन्हा फिरवावा लागेल.

उष्णतेचा शत्रू उजेडाच्या पाठोपाठ येतो. पॅनलने अडविलेल्या उजेडाची उष्णता होते. द्रवस्फटिक तापून सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात गेला की त्याची ती शिस्त मोडते व चित्रावर डाग पसरतात. ध्रुवक पट्टी करपली तर ते डाग कायमचे. पॅनल पन्नास अंशांच्या आत राखावे. त्यासाठी दिवा व पहिले भिंग यांत उष्णता अडविणारी काच, एलईडीच्या पाठीस ॲल्युमिनियमचा भरपूर मोठा पंख्यांचा ठोकळा, आणि पॅनलच्या दोन्ही तोंडांवरून वारा नेणारे दोन सावकाश फिरणारे पंखे हवेत. मोठ्या आवाजाचा एक पंखा लावून संवाद बुडविण्यात अर्थ नाही.

विजेबद्दल स्पष्टच लिहितो. मॉनिटरच्या विद्युत्फलकावर २३० व्होल्टची वीज एकदिश होऊन धारित्रात साठते तेव्हा ती ३२५ व्होल्टच्या आसपास जाते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तेथेच दबा धरून असते. जुन्या मॉनिटरच्या नळ्या पेटविणारे मंडल तर कित्येकशे व्होल्ट, काही वेळा हजाराच्या वर देते. त्या नळ्यांत पारा असतो. त्या फोडू नयेत, कचऱ्यात टाकू नयेत. ज्यास विद्युत्फलक वाचता येत नाही त्याने हे काम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाशेजारी बसूनच करावे. आणखी एक : नळ्या काढल्यावर काही मॉनिटर दोन सेकंदांत आपोआप बंद पडतात. दिवा जिवंत आहे की नाही हे त्यांचे मंडल तपासून पाहत असते. असा मॉनिटर या कामास घेऊच नये.

एवढा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी जवळची वाट आहे. १९८० व ९० च्या दशकांत अनेक महाविद्यालयांत ओव्हरहेड प्रोजेक्टर आले. पारदर्शक कागदावर लिहून तो काचेवर ठेवावयाचा, की अक्षरे भिंतीवर. त्यात दिवा, फ्रेनेलचा पत्रा, भिंग आणि आरसा सारे तयार असते. त्याच्या काचेवर उघडे पॅनल, चेहरा वर करून, थोडे उचलून ठेवावे व खालून वारा सोडावा. काच पॅनलपेक्षा किंचित लहान असल्याने चित्राचे कोपरे कापले जातात, तेवढी तडजोड करावी. ज्या महाविद्यालयाच्या माळ्यावर असे यंत्र धूळ खात असेल त्याने पेटी बांधू नये.

मग प्रश्न येतोच : बाजारात स्वस्तातले तयार प्रोजेक्टर मिळत असता हे करावेच का? पैशाचा विचार केला तर करू नये. ते स्वस्त यंत्र उघडून पाहिलेत तर आत हेच सापडेल : एलईडी, फ्रेनेलचा पत्रा, चार-पाच इंचांचे एक पॅनल, भिंग. त्याच्या खोक्यावर छापलेले ल्युमेनचे आकडे कसे वाचावेत हे मात्र वरचा हिशेब स्वतः केलेल्यासच समजते. शिवाय आपल्याकडे ही परंपराच आहे. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी जुना प्रोजेक्टर मिळवून त्याच्या अभ्यासावरून १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्याच कॅमेऱ्यातून १९२० चा ‘सैरंध्री’ निघाला. त्या कामात त्यांना विष्णुपंत दामले यांचे साहाय्य होते. लेथवर काम करणारा माणूसच पुढे चित्रपट कसा घडवितो हे पाहावयाचे असेल तर दामल्यांकडे पाहावे.

श्रीवर्धनात या यंत्राची आणखी एक परीक्षा आहे, ती हवेची. खारा वारा तांब्याच्या जोडांस हिरवे करतो, पंख्यांचे कणे कुरकुरू लागतात आणि पावसाळ्यात भिंगांवर बुरशीची जाळी धरते. पेटी वापरात नसताना आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून तोंड बंद करावे. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवावी, म्हणजे स्वतःच्या उष्णतेनेच ती कोरडी होते. विजेचे तर काय सांगावे! ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले आणि कित्येक दिवस दिवे नव्हते. पेटीस पंख्यांसह सुमारे १३० वॅट लागतात. घरगुती इन्व्हर्टरवर एक चित्रपट निभावतो. मोबाइलच्या पडद्याने चित्रपट एकेकट्याचा केला आहे. चाळीस माणसे एकाच वेळी हसतात तेव्हा विनोद निराळा होतो, हे नाटकवेड्या कोकणास सांगावयास नको. सहा फुटी पडद्यापुढे चाळीस माणसे बसू शकतात.

पहिला खेळ कोणता लावावा? अंधाऱ्या प्रसंगांचे नवे चित्रपट टाळावेत, कारण पॅनल काळा रंग पुरता अडवीत नाही व रात्र राखाडी दिसते. माझे मत ‘संत तुकाराम’ला. हा प्रभातचा १९३६ चा चित्रपट दामले व फत्तेलाल यांचा. हे दामले म्हणजे कॅमेऱ्याचे तेच दामले. त्या काळच्या बोलपटांची चौकट जवळजवळ चौरस, रुंदी उंचीच्या १.३७ पट. पंधरा इंची जुन्या मॉनिटरची १.३३ पट. आजच्या लांबट पडद्यांवर हा चित्रपट दोन्ही बाजूंस जाड काळे पट्टे घेऊन मध्ये उभा राहतो. आपल्या पेटीतून तो वर-खाली दोरीएवढी पट्टी सोडून सारा पडदा भरतो.