धुराचा खर्च कोणाच्या खात्यावर?

माणूस अन्नावाचून काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून काही दिवस. परंतु हवेवाचून पाच मिनिटे काढणेही त्याला कठीण. साधा हिशेब करून पाहा. मोठा माणूस मिनिटाला सरासरी १५ वेळा श्वास घेतो आणि दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे दिवसाला २१,६०० श्वास आणि दहा हजार लिटरांहून अधिक हवा! पाणी आपण गाळून, उकळून पितो. भाजी निवडून घेतो. हवा मात्र वस्तीत जशी असेल तशीच घ्यावी लागते.

धूर शरीरात काय करतो?

गिरणीचा, गाड्यांचा, जळत्या कचऱ्याचा आणि चुलीचा धूर डोळ्यांना दिसतो. त्यातले सर्वांत घातक कण मात्र दिसत नाहीत. धुळीचे मोठे कण नाकातील केस व शेंबूड अडवून धरतात. परंतु अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. त्याहून बारीक कण रक्तातही उतरतात. त्यामुळे खोकला आणि दमा एवढ्यावरच गोष्ट थांबत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशीही दूषित हवेचा संबंध सिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली घराबाहेरील प्रदूषित हवेची गणना कर्करोगकारक गोष्टींत केली. घरातील आणि घराबाहेरील दूषित हवेमुळे जगात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसे अकाली मरण पावतात, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

लहान मुलांना हा त्रास अधिक होतो. वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. गरोदर मातेच्या श्वासातून गेलेल्या विषारी कणांमुळे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

ताळेबंदात न दिसणारा खर्च

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला एक प्रश्न सुचल्याशिवाय राहत नाही. कारखान्याच्या हिशेबात कच्चा माल येतो, वीज येते, मजुरी येते. मग धुराचा खर्च कुठे जातो? तो जातो शेजारच्या वस्तीतील घराघरांत. औषधाची बाटली, दवाखान्याची फी, बुडालेला रोज, मुलाची चुकलेली शाळा या रूपाने तो भरला जातो. ज्याच्याकडे पैसा आहे तो चांगल्या हवेच्या भागात घर घेतो. ज्याच्याकडे नाही त्याला नाल्याकाठी, कचऱ्याच्या डोंगराजवळ नाहीतर कारखान्याच्या भिंतीला लागून राहावे लागते. आणि या खर्चाची नोंद कुठल्याच वहीत नसल्यामुळे तो कोणाकडे मागताही येत नाही.

माहुलचा धडा

मुंबईत चेंबूरजवळचे माहुल हे याचे ठळक उदाहरण. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला रसायने साठवण्याच्या टाक्या, आणि मध्ये माणसांची वस्ती. माहुल व आंबापाडा येथील रहिवासी वासाची व घुसमटीची तक्रार वर्षानुवर्षे करीत होते. २०१३ साली के.ई.एम. रुग्णालयाने तेथे आरोग्य पाहणी केली. शंभरातील सुमारे ६७ जणांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे तीत आढळले. कालपर्यंत जी नुसती कुरकूर समजली जात होती, ती आता कागदावर आकड्यांत आली. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले.

असे असूनही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून शेकडो कुटुंबांना माहुलच्याच प्रकल्पग्रस्तांच्या इमारतींत पाठविण्यात आले. डोक्यावर पक्के छप्पर मिळाले, पण श्वास घेणे कठीण झाले! लोक गप्प बसले नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी विद्याविहारच्या पदपथावर ठाण मांडले व कोर्टातही लढा दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहता यावे म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने परिसरातील चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाई भरण्याचा आदेश दिला. धुराचा खर्च करणाऱ्याच्या खात्यावर टाकण्याचाच हा प्रयत्न होता. त्यामागे लोकांची चिकाटी होती, तशीच आजाराची लेखी नोंदही होती.

आपण काय करावे?

वस्तीत आरोग्य शिबिर भरविले की एक गोष्ट हमखास दिसते. खोकला किती दिवसांचा, असे विचारले तर "नेहमीचाच आहे" असे उत्तर येते आणि जुने केसपेपर कोणाकडेच नसतात. ही सवय आधी बदलली पाहिजे. प्रत्येक घरात केसपेपर व औषधांच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. महिला मंडळांनी आणि तरुणांनी एक वही घालावी. कोणत्या तारखेला, किती वाजता वास किंवा धूर आला आणि कोणाला काय त्रास झाला, ते तीत लिहावे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व पालिकेकडे तक्रार द्यावी, ती लेखीच, आणि तिची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. उत्तर आले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहेच.

घरातही काळजी घ्यावी. लाकडे, गोवऱ्या जाळाव्या लागत असतील तर चूल उघड्यावर किंवा खिडकीजवळ असावी आणि तान्ह्या मुलाला तिच्याजवळ घेऊन बसू नये. बंद खोलीत रात्रभर मच्छर अगरबत्ती लावण्यापेक्षा मच्छरदाणी चांगली. प्लॅस्टिक व कचरा कधीही जाळू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. धूर हेच कारण समजून क्षयरोगाकडे दुर्लक्ष होता कामा नये.

संविधानाच्या २१ व्या कलमाने आपल्याला जगण्याचा हक्क दिला आहे. प्रदूषणमुक्त पाणी व हवा त्या हक्कातच येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. हा हक्क कागदावरून वस्तीपर्यंत आणायचा, तर आपल्या बाजूचाही कागद तयार हवा. तेव्हा बंधू-भगिनींनो, आजच दोनशे पानी वही आणा आणि पहिल्या पानावर तारीख घाला.