माहिती आईकडे, पिशवी वडिलांकडे

नागपूर जिल्ह्याच्या कामठी तालुक्यातील कोराडी हे गाव जगदंबेच्या देवस्थानासाठी आणि औष्णिक वीज केंद्रासाठी ओळखले जाते. केंद्रातील कायम नोकरदार, ठेकेदाराकडे रोजीवर जाणारा मजूर आणि परिसरातील शेतकरी अशी निरनिराळ्या मिळकतीची कुटुंबे येथे शेजारी नांदत असल्याने, 3 ते 6 वर्षांच्या मुलाचे ताट पालकांच्या आहारविषयक ज्ञानावर ठरते की शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न आणि घरातील माणसांची संख्या मिळून होणाऱ्या कौटुंबिक पार्श्वभूमीवर, हा प्रश्न अशा गावात आपोआपच पुढे येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालके खुजी, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीची, तर 25.6 टक्के बालके लुकडी, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. खुजेपणा दीर्घकाळच्या उपासमारीचा किंवा वारंवारच्या आजारपणाचा परिणाम असतो, तर लुकडेपणा बहुधा अलीकडच्या ओढगस्तीचा. सहा महिन्यांवरील बालकांतील रक्तक्षयाचे प्रमाण मागील फेरीत 53.8 टक्के होते, ते 68.9 टक्क्यांवर गेले.

डाळीत प्रथिने असतात हे बहुतेक आयांना ठाऊक असते. तरीही ‘पचायला हलके’ म्हणून लेकराला तुरीच्या वरणावरचे पाणी भरवले जाते, आणि डाळीचे सत्त्व तर खाली बसलेल्या गाळात राहते. मुलाचे पोट लहान असल्याने ते या पाण्यानेच भरते व घट्ट वरण-भातासाठी जागा उरत नाही. आहारविषयक ज्ञान मोजणाऱ्या प्रश्नावलीत अशा आईला ‘प्रथिने कशातून मिळतात?’ या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळतील, म्हणूनच नुसत्या गुणांवरून पोषणाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. लोहाचेही असेच आहे: पालेभाजीतील लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने अधिक शोषले जाते, चहामुळे मात्र कमी. संत्र्यांच्या या मुलखात भाजी-भाकरीनंतर संत्र्याच्या चार फोडी देणे हंगामात तरी अवघड नाही. पण लेकराच्या हाती चहा-बिस्किट येते, कारण ते चटकन होते.

येथे ज्ञानापेक्षा वेळ आणि पैसा वरचढ ठरतो. आई मजुरीला गेली की भरवण्याचे काम आजीकडे येते, किराणा बहुधा वडील आणतात आणि रडणे थांबवायला पाच रुपयांचे खाऊचे पुडकेही तेच घेतात. त्याच पैशांत येणारे मूठभर फुटाणे कुणाला सुचत नाहीत. आहाराच्या गोष्टी सांगणाऱ्या बैठका मात्र मातांच्या भरतात.

1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून अंगणवाडीत या वयाच्या मुलाला दिवसाकाठी द्यायच्या उष्मांकांचे आणि प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे, ते दिवसाच्या गरजेचा एक भागच असल्याने उरलेला भार घरावर पडतो. तेव्हा घट्ट वरण का द्यावे, हे पाळीवरून परतणाऱ्या बापाच्या आणि ताटावर बसवणाऱ्या आजीच्या कानावर घालण्यासाठी बैठकीची वेळ आणि तिचे निमंत्रण, दोन्ही बदलावी लागतील.