दुर्बिणीचे ऑपरेशन : भिऊ नका, पण विचारा

पोटात गाठ आहे असे कळले की बाई घाबरते. डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीतून काढू," की आणखी शंका येते. "दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे मूल बंद करायचं ना?" आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कुटुंबनियोजनामुळे हा शब्द घरोघर ठाऊक आहे. म्हणून शंका येणारच. आपण नीट समजून घेऊ.

गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. एकेक बदामाएवढे. तिथे कधी गाठ धरते. पाळी चालू असलेल्या बाईची लहान, पाण्याची गाठ पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. म्हणून डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात. गाठ वाढली, दुखू लागली, तर ती काढावी लागते. पाळी गेल्यावर गाठ निघाली, तर तपासणीत हयगय नको.

ऑपरेशनच्या वेळी भूल देतात. पोटाला तीन-चार बारीक छिद्रे पाडतात. आत जागा व्हावी म्हणून वायू भरतात. एका छिद्रातून दुर्बीण जाते, बाकीच्यांतून हत्यारे. मोठी चीर नसते. म्हणून दुखणे कमी, आणि बाई लवकर घरी येते. त्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. त्याला भ्यायचे नाही.

पुष्कळदा नुसती गाठ काढून अंडाशय ठेवता येते. एक अंडाशय काढले, तरी दुसरे चांगले असेल तर पाळी येते, मूलही होऊ शकते.

गाठ फार मोठी असेल, किंवा कर्करोगाची शंका असेल, तर पोट उघडणे बरे असते. कधी दुर्बिणीने सुरू केलेले कामही पोट उघडून पुरे करावे लागते. म्हणून आधी विचारा : काय काढणार? नुसती गाठ, अंडाशय, की गर्भाशयही? का?

हे विचारणे फार जरुरीचे आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या कित्येक बायांची गर्भाशये तरुणपणीच काढली गेली. २०१९ साली त्याचा बोभाटा झाला. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गरज नसता अवयव गेला, तर तो परत येत नाही. मनात शंका असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मात्र पोटात एकाएकी जोराची कळ आली, उलट्या झाल्या, तर थांबू नका. गाठीला पीळ पडला असेल. तडक दवाखाना गाठा. ऑपरेशननंतर ताप आला, पोट जास्त दुखू लागले, जखमेतून पू आला, तरीही तसेच करा.

आपल्याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरही येत नव्हते. तरी त्या शिकल्या, आणि गावाला शहाणे केले. आम्हांला तर आता वाचता येते, असे तुम्ही म्हणाल. मग दवाखान्यातला कागद वाचा. समजला नाही, तर वाचून घ्या. सही त्यानंतर.